झाडाला आलेली नोटीस

सरकारी नोटिशीचे एक वैशिष्ट्य असते. ज्याच्या नावाने ती निघते त्याला ती वाचावीशी वाटत नाही, आणि वाचल्यावाचून तर गत्यंतर नसते. घरपट्टी थकली की नोटीस येते, पाणीपट्टी थकली की येते, आणि गच्चीवर चार पत्रे अधिक टाकले तरी येते. आपण ती नाक मुरडत उघडतो, दोनदा वाचतो आणि तिसऱ्यांदा वाचायला शेजारच्या वकिलांकडे घेऊन जातो. परंतु एक नोटीस अशी आहे की, ती ज्याच्या अंगावर डकवली जाते त्याला मुळी अक्षरओळखच नसते! महापालिकेचा माणूस येतो, एखाद्या कडुनिंबाच्या किंवा वडाच्या बुंध्यावर एक कागद लावतो आणि सायकलीवर टांग मारून किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणे फटफटी सुरू करून निघून जातो. ते झाड बिचारे तो कागद छातीवर घेऊन कालच्यासारखेच सावली धरून उभे राहते. त्याच सावलीत आपण भाजीची पिशवी खाली ठेवून घटकाभर दम खातो, रुमालाने घाम पुसतो आणि पुढे चालू लागतो. कागद वाचायचे मात्र कोणाच्याच मनात येत नाही.

तो कागद म्हणजे झाड तोडण्याच्या परवानगीसाठी आलेल्या अर्जाची जाहीर सूचना असते. ती झाडाला लावलेली असली तरी झाडासाठी नसते, हे उघडच आहे. मग ती कोणासाठी असते? वाचकहो, ती तुमच्याआमच्यासाठी असते. दिवाळीच्या फराळाबरोबर कायदेकानूंची चर्चा काढणे म्हणजे चकलीबरोबर काढा देण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. तथापि, हा काढा फारसा कडू नाही, आणि तो घेतला नाही तर पुढील दिवाळीला आपल्या गल्लीतले एखादे झाड जागेवर नसण्याचा संभव आहे.

झाडांच्या नावाचे गाव

मी नाशिकच्या अंबडविषयी लिहितो आहे. जालना जिल्ह्यातले तालुक्याचे अंबड निराळे. हे अंबड मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे, पांडवलेण्यांच्या डोंगराच्या नजरेच्या टप्प्यातले. एके काळचे हे शेतीवाडीचे गाव. पुढे येथे औद्योगिक वसाहत आली आणि अंबड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कारखान्यांचे पत्रे, मालमोटारी आणि पाळी सुटल्यावरचा भोंगा उभा राहू लागला. शेजारीच सिडकोने हजारो लहान लहान घरांची नवी वस्ती उभारली. तिला कागदोपत्री ‘नवीन नाशिक’ असे भारदस्त नाव आहे. पण रिक्षावाल्याला आपण ‘सिडको’ असेच सांगतो आणि त्यालाही तेच समजते. १९८२ साली नाशिकची महापालिका स्थापन झाली. तिच्या हद्दीतली आसपासची गावे हळूहळू शहराच्या पोटात गडप झाली आणि शेतांच्या बांधांवर सोसायट्यांच्या भिंती चढल्या.

आता मूळ नाशिकचा इतिहास पाहावा, तर तो सगळा झाडांनी भरलेला. पाच वडांवरून पंचवटीला नाव पडले. सीतामाईच्या गुंफेजवळचे वड दाखवल्याशिवाय येथला एकही वाटाड्या आपली दक्षिणा मागत नाही. तपोवन तर नावातच वन घेऊन बसलेले. मोगल अमदानीत या शहराला गुलशनाबाद म्हणत. म्हणजे फुलबागांचे शहर. ज्या गावाला रामायणापासून मोगलाईपर्यंत सर्वांनी झाडाफुलांवरून ओळखले, त्या गावाच्या आजच्या रहिवाशांनीही ती परंपरा अगदी सोडलेली नाही. आम्ही इमारतींना झाडांची नावे देतो! आमच्या भागात एक फेरफटका मारावा, म्हणजे ‘पारिजात’, ‘बकुळ’, ‘कदंब’, ‘वटवृक्ष’ अशा पाट्या ओळीने वाचायला मिळतात. झाडाची जागा इमारत घेते आणि इमारत झाडाचे नाव घेते. दत्तक विधान पुरे होते.

ही थट्टा झाली. पण अंबडच्या दुपारी ती थट्टा राहत नाही. चैत्र-वैशाखात कारखान्यांच्या पत्र्यांवरून आणि सिमेंटच्या रस्त्यांवरून धग उसळते. दुपारची पाळी संपवून निघालेला कामगार सायकल हातात धरून झाडाझाडाच्या आडोशाने चालतो. शाळेची बस येईपर्यंत आया आपल्या पोरांना घेऊन ज्या चार हात सावलीत उभ्या राहतात, ती सावली कुठल्या तरी करंजाची किंवा कडुनिंबाची असते. चर्मकाराचे दुकान झाडाखाली, उसाच्या रसाची गाडी झाडाखाली आणि निवृत्त मंडळींचे राजकारणही झाडाखालीच. यांपैकी कोणाच्याही नावावर ते झाड नसते. सातबारावर किंवा सोसायटीच्या दप्तरात झाडाचा मालक कोणीतरी एकच असतो. सावलीचे वहिवाटदार मात्र शेकडो असतात. कायद्याने हीच गोष्ट ओळखली आहे, आणि म्हणून तो कागद बुंध्यावर लागतो.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा झाला. त्यापूर्वी शहरातले अंगणातले झाड हे अंगणातल्या बंबासारखेच होते. मालकाला वाटले तर ठेवावे, वाटले तर मोडीत काढावे. या कायद्याने तसे करण्यास बंदी केली. प्रत्येक शहरात एक वृक्ष प्राधिकरण असावे, एक वृक्ष अधिकारी असावा आणि दर पाच वर्षांनी तरी झाडांची गणना व्हावी, असे त्याने ठरवून दिले. म्हणजे माणसांची शिरगणती दहा वर्षांनी आणि झाडांची पाच वर्षांनी! हा मान झाडांना कागदावर का होईना, मिळालेला आहे.

झाड तोडावयाचे असेल, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना, तर अर्ज करावा लागतो. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन झाड पाहावे, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी आणि त्या झाडावर, दिसेल अशा ठिकाणी, तीच सूचना लावावी. कोणाची हरकत असेल तर ती ऐकून घ्यावी. अर्ज आल्यापासून साठ दिवसांच्या आत निर्णय व्हावा, आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस कुऱ्हाड उचलू नये. तोडल्यानंतर नवे झाड लावण्याची जबाबदारी तोडणाऱ्याच्या गळ्यात आहेच.

या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातली एक व्याख्या. मी भाषेचा माणूस. कायदे वाचतानाही माझे लक्ष शब्दांवर जाते. ‘झाड तोडणे’ म्हणजे काय, हे सांगताना कायदा म्हणतो की, झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे, हे सगळे तोडण्यातच मोडते. बुंध्याशी रोज थोडा कचरा पेटवणारे, साल सोलणारे, मुळांत काहीबाही ओतणारे आणि ‘आम्ही कुठे तोडले? ते आपोआपच वाळले’ असे साळसूदपणे सांगणारे जे सद्गृहस्थ असतात, त्यांच्यासाठी हे वाक्य लिहिलेले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने क्रियापद एकच; पण त्याच्या पोटात किती कृत्ये मावली आहेत!

आता कोणी म्हणेल, माझ्या अंगणातल्या झाडासाठी गावाची परवानगी कशाला? या प्रश्नाला आपल्याच घरात उत्तर आहे. घरपट्टीचे बिल काढून पाहावे. त्यात इतर करांच्या रांगेत ‘वृक्ष उपकर’ किंवा तशाच नावाची एक ओळ आढळते. ती रक्कम फार मोठी नसते, त्यामुळे आपण तिच्याकडे पाहतही नाही. पण तिचा अर्थ मोठा आहे. शहरातल्या झाडांसाठी आपण सगळे वर्गणी भरतो. गणपतीची पाच-पन्नास रुपयांची वर्गणी दिली तर आपण मांडवात जाऊन हिशेब विचारतो, आरास नीट नाही म्हणून कुरकुरतो. झाडांची वर्गणी मात्र वर्षानुवर्षे भरूनही आपण विचारीत नाही की, माझ्या रस्त्यावरची ती तीन झाडे कुठे गेली?

झाडाची बाजू आणि माणसाची बाजू

झाडाची बाजू घेताना माणसाची बाजू विसरणे मात्र न्यायाचे होणार नाही. आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. घर बैठे, अंगण दहा पावलांचे. त्यांच्या वडिलांनी हौसेने भिंतीशी उंबर येऊ दिला. उंबराचे मूळ पाण्याच्या शोधात निघाले ते न्हाणीघरापर्यंत पोहोचले, भिंतीला हात शिरेल एवढी भेग गेली, आणि दर पावसाळ्यात घरातली म्हातारी माणसे रात्री जागी राहू लागली. या कुटुंबाला झाडाचा शत्रू कसे म्हणावे? कायदाही म्हणत नाही. झाड मेलेले असेल, रोगट असेल, जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल, रहदारीला अडथळा करीत असेल, तर परवानगीचे दार त्याने उघडे ठेवले आहे. धोक्याच्या दोन फांद्या उतरवून काम भागत असेल तर तेही करता येते, आणि बहुधा तेवढ्यानेच भागते. परंतु ते जाणकाराने पाहून ठरवावे, एवढाच कायद्याचा आग्रह आहे.

रस्त्याचेही असेच. नाशिकमध्ये गंगापूर रस्त्यासारखे रस्ते रुंद झाले तेव्हा कडेची जुनी झाडे वाटेच्या मध्यावर आली. झाड जागचे हलले नव्हते. रस्ता त्याच्याकडे चालत आला होता. तरी अंधारात भरधाव येणाऱ्या दुचाकीस्वाराला हा युक्तिवाद ऐकायला वेळ नसतो. त्या झाडांवर चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागल्या, वाद झाले, प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. झाड आणि रस्ता यांचे भांडण रस्ता आखून झाल्यावर मिटत नाही. ते आखताना मिटवावे लागते. नकाशावर पेन्सिलीची रेघ दोन बोटे सरकवणे सोपे असते. ठेका दिला गेल्यावर, खडी पडल्यावर आणि नारळ फुटल्यावर ती रेघ दगडाची होते.

म्हणूनच तो बुंध्यावरचा कागद वेळेवर वाचला पाहिजे. वरातीमागून घोडे नाचवून उपयोग नाही. मुंबईच्या आरे वसाहतीत काय झाले ते आठवावे. मेट्रोच्या कारशेडसाठी तेथली झाडे तोडण्यास विरोध करणारे अर्ज उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळले आणि त्याच रात्री यांत्रिक करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्यास सांगितले. परंतु तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. न्यायालयाचा हुकूम उभ्या झाडाला वाचवू शकतो. पडलेल्याला उभे करू शकत नाही.

उंटवाडीचा वड आणि तपोवन

याच्या उलट उदाहरण आमच्या अगदी दारातले आहे. अंबडहून शहराकडे येताना उंटवाडी लागते. तेथे एक प्रचंड वड आहे. लोक त्याचे वय दोनशे वर्षे सांगतात. वडाचे वय आणि आजोबांच्या तरुणपणची ताकद यांत थोडी भर पडायचीच. पण तो बघणाऱ्याला ती भरही खरी वाटते. पारंब्यांनी जमीन धरलेली, आणि खाली श्रद्धेचे ठिकाण. २०२२ च्या सुरुवातीला त्रिमूर्ती चौकाच्या बाजूने होऊ घातलेल्या उड्डाणपुलासाठी हा वड आणि त्याबरोबर शेकडो झाडे जाणार, अशी वेळ आली. झाडांवर नोटिसा लागल्या. आणि या वेळी त्या वाचल्या गेल्या! कोणी हरकतीचा अर्ज लिहिला, कोणी सह्या गोळा केल्या, मुले शाळेची चित्रकलेची वही घेऊन वडाखाली येऊन बसली. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी त्यात लक्ष घातले आणि वड तोडायचा नाही असे ठरले. आज वटपौर्णिमेला आमच्याकडच्या सुवासिनी सूत गुंडाळायला निघतात, तेव्हा बाजारातून विकत आणलेल्या फांदीपुढे बसण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. सात जन्मांचे मागणे मागायला निदान एका जन्माचे झाड तरी जागेवर हवे!

त्यानंतर तीन वर्षांनी प्रसंग आला तो तपोवनाचा. येत्या सिंहस्थात साधुग्रामासाठी जागा हवी, म्हणून तपोवनातली अठराशेच्या आसपास झाडे काढण्याची सूचना नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली. हरकतींचा पाऊस पडला. सुनावणीच्या दिवशी सभागृह पुरले नाही. कलावंत, विद्यार्थी, गृहिणी, भजनी मंडळातली माणसेसुद्धा त्या झाडांखाली जमली. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात यापूर्वी कधी सरकारी कचेरीत हरकत नोंदवली नसेल. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तोडीला तात्पुरती मनाई मिळाली.

येथे प्रश्न नाजूक होता, हे कबूल केले पाहिजे. कुंभमेळा हे नाशिकचे बारा वर्षांचे व्रत. साधूंना जागा नको असे येथला कोणताही माणूस म्हणणार नाही. पण लोकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: तपोवनात तप करायला येणाऱ्यांसाठी आधी वनच काढायचे, तर मग त्या जागेला नाव काय द्यायचे? प्रशासनाचे म्हणणे, त्यांतली बरीचशी झाडे अलीकडची, झुडपांसारखी आहेत आणि मोबदल्यात कितीतरी पट झाडे लावली जातील. या ‘मोबदल्यात’ या शब्दाशी आपण क्षणभर थांबू या. कारण सगळ्या वादाची गाठ तेथे आहे.

एकास पन्नास

२०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान मिळाला. आणि झाड तोडले तर त्याच्या वयाच्या वर्षांइतकी नवी झाडे लावली पाहिजेत, असा हिशेब ठरला. साठ वर्षांचा चिंचेचा वृक्ष गेला तर साठ रोपे. ती रोपे चांगली वाढलेली, सहा ते आठ फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी, असेही सांगितले गेले. कायदा करणाऱ्यांची दृष्टी चांगली होती, यात शंका नाही. वय हा पैशापेक्षा अधिक प्रामाणिक मापदंड आहे.

तरीही हे गणित वहीत सुटते तसे रस्त्यावर सुटत नाही. साठ वर्षांच्या आजोबांच्या जागी एक-एक वर्षाची साठ मुले आणून बसवली, तर वयाची बेरीज बरोबर येईल. पण संध्याकाळी गोष्ट कोण सांगणार? मोठ्या झाडाचा घेर, त्याच्या ढोलीतला पिंगळा, त्याच्या फांदीवरचे घरटे, त्याने धरून ठेवलेला गारवा, यांची बेरीज रोपांच्या संख्येने होत नाही. वड-पिंपळ-उंबर यांची तर आणखी एक गंमत आहे. यांची फुले फळाच्या पोटात दडलेली असतात, आणि त्यांचे परागीभवन एक चिमुकली गांधीलमाशी करते. एका जातीच्या झाडाला बहुधा त्याच्याच ठरावीक जातीची माशी लागते. इतर झाडांना फळे नसतात त्या दिवसांतही कुठला तरी वड, कुठला तरी उंबर पिकलेला असतो आणि पाखरांची खाणावळ चालू राहते. असे एक झाड गेले, की नुसते लाकूड जात नाही. तिथली सगळी पंगत उठते.

दुसरी अडचण जागेची. उंटवाडीचे झाड तोडून मोबदल्याची रोपे दहा मैलांवरच्या माळावर लावली, तर शहराच्या एकूण आकड्यात घट दिसणार नाही. पण बसची वाट पाहणारी ती आई आणि तिचे लेकरू त्या माळावर सावलीला जाणार आहेत काय? सावली ही बँकेतली ठेव नव्हे, की या शाखेत भरली आणि त्या शाखेत काढली. ती जिथल्या तिथेच खर्च होते.

तिसरी गोष्ट, रोप कोणते लावायचे? गुलमोहर आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो मादागास्करचा पाहुणा आहे हे आपण विसरलो आहोत. दिसतो देखणा, पण लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि पहिल्या वादळात फांदी मोटारीवर. सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची. ती लवकर वाढते आणि मग कोणालाच वाढू देत नाही. सप्तपर्णी आपल्याच देशातली खरी. पण रस्त्याच्या दुतर्फा तिच्याच रांगा लावल्या, की दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा उग्र दर्वळ काही जणांची झोप उडवतो. उलट कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, बकुळ, अर्जुन, जांभूळ ही घरची माणसे. नगराचे झाड निवडताना नवरीच्या वडिलांइतकी चौकशी करावी: घराणे कुठले, उंची किती होईल, मुळे कशी आहेत, आणि डोक्यावरच्या तारांशी पटेल की नाही!

आणि लावलेले झाड जगवावे कसे, याचे उदाहरणही नाशिकमध्येच आहे. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या पुढाकाराने हजारो नाशिककरांनी देशी जातींची दहा हजारांहून अधिक रोपे लावली. असे सोहळे पुष्कळ होतात. १९५० साली तेव्हाचे मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केल्यापासून दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची आपली परंपरा अखंड आहे! फाशीच्या डोंगरावरची मंडळी मात्र दुसऱ्या दिवशीही आली आणि उन्हाळ्यातही आली. त्यांनी पाणी घातले, आळी केली, वणव्यापासून राखण केली. आज लोक तिला देवराई म्हणतात. सोहळ्याच्या छायाचित्रात हारतुरे दिसतात. पाण्याचा हंडा दिसत नाही. पण झाड हंड्यावर जगते.

परमुलुखातल्या दोन गोष्टी

आपण ज्या सिंगापूरच्या स्वच्छतेचे आणि हिरवाईचे गोडवे सहलीहून आल्यावर सहा महिने गातो, तेथे ती हिरवाई आपोआप उगवलेली नाही. १९६३ साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतःच्या हाताने झाड लावून मोहीम सुरू केली, ती पुढे कधी थांबू दिली नाही. तेथे ठरवून दिलेल्या संरक्षित भागांत एक मीटरहून अधिक घेराचे झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. म्हणजे मूळ नियम आपल्यासारखाच. फरक एवढाच की, तेथे तो पाळला जातो, आणि न पाळणाऱ्याला तो परवडत नाही.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची. तेथल्या नगरपालिकेने प्रत्येक झाडाला क्रमांक आणि संगणकावरचा एक टपालपत्ता दिला. हेतू असा की, फांदी मोडली, कीड लागली, तर लोकांनी कळवावे. लोकांनी काय करावे? त्यांनी झाडांना पत्रे लिहिली! कोणी ‘तुझ्याखालून रोज जातो, आज सांगतो, तू फार सुंदर आहेस’ अशा आशयाचे लिहिले, कोणी परीक्षेचे दुःख कळवले. आणि झाडांच्या वतीने काही पत्रांना उत्तरेही गेली. आपल्याकडे तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटल्याला चारशे वर्षे होत आली. पण सोयऱ्याला पत्र लिहिण्याचे आपल्याला सुचले नाही, ते त्या परक्या मुलुखातल्या लोकांना सुचले.

तथापि, आपल्यालाही एक पत्र लिहिण्याची सोय आहेच. तिचे नाव हरकतीचा अर्ज. त्याला अलंकार लागत नाहीत. झाड कुठे आहे, कोणत्या जातीचे आहे, नोटिशीचा क्रमांक व दिनांक काय, आपण तेथे का राहतो किंवा का जातो, झाड तोडण्याऐवजी काय करता येईल, आणि खाली नाव, पत्ता, सही, बस्स. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात किंवा उद्यान विभागात तो द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच घेण्यास विसरू नये. कारण सरकारी दप्तरात झाडापेक्षा कागद लवकर वाळतो. सूचनेत दिलेली मुदत मात्र पाळावी. एका सहीपेक्षा दहा सह्यांना वजन अधिक असते, आणि दहा सह्या मिळवायला आपला जिना पुरे.

घरातल्या मुलांनाही या कामी लावावे. माझ्या वर्गात दरवर्षी निबंधासाठी ‘माझे आवडते झाड’ हा विषय मागे पडला आहे, कारण मुले वडाला ‘पर्यावरणाचा मित्र’ म्हणून मोकळी होतात. त्याच्या पानाचा चीक बोटाला लागलेला त्यांना ठाऊक नसतो. एका वर्षी मी विषय बदलला आणि सांगितले, तुमच्या रस्त्यावरची झाडे मोजून या, नावे विचारून या. एका मुलीने अंबडच्या आपल्या गल्लीतली सतरा झाडे लिहून आणली. प्रत्येकापुढे त्याच्या खाली कोण बसते, तेही लिहिले होते: इस्त्रीवाला, दूधवाली मावशी, दोन कुत्री, आजोबा. त्यातल्या एकापुढे तिने लिहिले होते, ‘याला तीन खिळे मारले आहेत.’ वृक्षगणनेच्या कुठल्याही तक्त्यात हा रकाना नसेल. असायला मात्र हवा.

दिवाळीत तर खिळ्यांचा हंगामच असतो. ‘भव्य सवलत’वाल्यांच्या पाट्या, शुभेच्छांचे फलक, विजेच्या माळा, सगळे झाडांवर ठोकले जाते. बुंध्याभोवती रस्त्याचे सिमेंट गळ्याशी येईपर्यंत ओतलेले असते. मुळांना ना हवा, ना पाणी. दिल्लीत २०१३ साली हरित न्यायाधिकरणाला हुकूम काढावा लागला की, झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढा. हुकमाची वाट न पाहता आपल्या सोसायटीपुढच्या दोन झाडांची आळी मोकळी करून घेणे, हे एका रविवारचे काम आहे. पाडव्याच्या सकाळी चार शेजारी मिळून पहार आणि घमेले घेऊन उतरले, तर दुपारच्या जेवणाला भूकही चांगली लागेल.

आणि फराळाची ताटे घेऊन शेजारीपाजारी जाताना वाटेत एखाद्या बुंध्यावर कागद दिसला, तर ताट क्षणभर कट्ट्यावर ठेवून तो वाचावा. अर्जदार कोण, झाडे किती, कारण काय आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती, एवढे पाहावे. कारण योग्य वाटले तर पुढे जावे. मोडक्या फांदीखाली कोणाचे मूल खेळावे, असे आपण म्हणणार नाही. पण कारण पटले नाही, तर ती तारीख घरच्या कालनिर्णयावर, भाऊबिजेच्या शेजारी, लाल शाईने लिहून ठेवावी.